बोटीवरची ती केबिन आधी कुणाची?

पत्र:

आदरणीय काकू,

आम्ही देवगडचे. बाबा ७६ वर्षांचे, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. घरात काठी घेऊन फिरतात, बाजारात मात्र मध्ये दोनदा तरी टेकावं लागतं. दिवाळीत आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील म्हणून आम्ही तिघा भावंडांनी मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ ठरवली. बुकिंग भावाने केलं. एजंट त्याला म्हणाला, "व्हीलचेअरवाल्यांची केबिन घ्या, त्याच भाड्यात मोठी मिळते, बाथरूम ऐसपैस असतं. फॉर्मवर फक्त 'चालता येत नाही' असं लिहा." भावाने तसं लिहिलं.

मागच्या आठवड्यात माझी शाळेतली मैत्रीण भेटली. तिच्या मुलीला स्नायूंचा आजार आहे, ती १९ वर्षांची आहे आणि बॅटरीच्या खुर्चीवर असते. मुलीला कधीपासून बोटीत बसायचंय. त्यांनी त्याच तारखेची चौकशी केली तर "तशा सगळ्या केबिन गेल्या" म्हणून उत्तर मिळालं. मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणतो, "जो आधी इलो, तेका आधी गावला. बाबा सीनियर सिटिझन आहेत, त्यांचा हक्क नाही का?" आमचं भांडणच झालं. बाबांना यातलं काही माहीत नाही. आम्ही केबिन सोडावी का? आणि सोडली तर ती तिलाच मिळेल कशावरून?

– एक लेक

उत्तर:

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते ह्यांना वाचून दाखवलं. सतरा वर्षांपूर्वी हापूस उतरवताना फांदी मोडून हे खाली आले आणि तेव्हापासून व्हीलचेअरवर आहेत. आपल्या भागात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. कुणी आंब्यावरून पडलेला असतो, कुणी माडावरून, कुणी पोफळीवरून. तेव्हा तुमच्या प्रश्नाकडे मी तिऱ्हाईतासारखी बघू शकत नाही, हे आधीच सांगते.

बाबांना साध्या केबिनमध्ये राहणं जमत असेल, तर ती केबिन त्या मुलीची. जमत नसेल तर ती तुमची, आणि मग मनाला काही लावून घेऊ नका. फक्त हे जमतं की नाही ते अंदाजाने ठरवू नका. ते मोजता येतं.

ती केबिन मोठी का असते, हे एजंटने तुमच्या भावाला सांगितलेलं दिसत नाही. बऱ्याच जहाजांवर साध्या केबिनच्या बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटांचं असतं. साधी घडीची व्हीलचेअर चाकांसकट पंचवीस-सव्वीस इंच भरते, म्हणजे ती दारातच अडकते. शिवाय पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात उंबरठा असतो. व्हीलचेअरच्या केबिनचं दार साधारण ३२ इंच रुंद ठेवतात, उंबरठा काढून टाकतात, खुर्ची जागच्या जागी वळावी म्हणून पाच फुटांचं वर्तुळ मोकळं सोडतात. शॉवरखाली भिंतीला घडीचं बाकडं असतं, कमोडच्या बाजूला धरायला दांडे असतात, कपाटातला कपडे अडकवायचा दांडा बसल्या हाताला पुरेल इतका खाली असतो. एजंट ज्याला ऐसपैस म्हणतो ती सगळी जागा खुर्चीच्या चाकांची आहे. अशा केबिन एका जहाजावर थोड्याच असतात, आणि जुन्या जहाजांवर तर अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

आता आमच्यावर आलेली वेळ सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं अशाच एका सफरीला गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. केबिन व्हीलचेअरची सांगून पक्की केली होती. बोटीवर चढल्यावर कळलं की ती दुसऱ्यांना दिली गेली आहे आणि आम्हाला साधी मिळणार. काउंटरवरचा मुलगा पुन्हा पुन्हा "सॉरी मॅडम" म्हणत होता, पण केबिन काही त्याच्या हातात नव्हती. आमच्या बाथरूमचा उंबरठा चार बोटं उंच होता, वर स्टीलची पट्टी. खुर्ची दाराबाहेर लावायची, ह्यांच्या काखेत हात घालून उचलायचं, एक पाय माझ्या हाताने उंबरठ्यापलीकडे ठेवायचा, मग दुसरा. बोट डुलत असताना हे पहिल्या रात्री एकदा केलं आणि दोघंही पडता पडता वाचलो. पुढचे तीन दिवस ह्यांनी आंघोळ केलीच नाही, मी ओल्या टॉवेलने अंग पुसून दिलं. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. दुपारी चारनंतर हे पाण्याचा थेंब घेत नव्हते, रात्री उठावं लागू नये म्हणून. डेकवर सगळे सरबत पीत होते आणि हे "नको, पोट भरलंय" म्हणत होते.

आमच्यासाठी ठरलेल्या त्या केबिनमध्ये एक तरुण जोडपं होतं. शेवटच्या दिवशी लिफ्टपाशी त्या मुलीशी बोलणं झालं. मोठ्या बॅगा ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी ती केबिन मागून घेतली होती. ती कुणासाठी असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. मला तिचा राग आला नाही, आजही नाही. पण तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगते. तुमच्या भावालाही त्याच भावनेने सांगते आहे.

भाऊ म्हणतो, जो आधी आला त्याला आधी. हा न्याय खोटा नाही. पण तो सारखी गरज असलेल्यांमध्ये लागू होतो. खुर्चीवरची दोन माणसं असतील आणि केबिन एकच असेल, तर आधी बुकिंग केलं त्याची. एकाला गरज आहे आणि दुसऱ्याला ती केबिन फक्त बरी वाटते, तिथे आधी-नंतर बघायचं नाही. कोकण रेल्वेने आपण सगळेच जातो. खालचा बर्थ आपल्या नावावर असतो, आणि समोर पाय प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस वरच्या बर्थचं तिकीट घेऊन उभा राहतो. तेव्हा "मी आधी काढलं" असं आपण म्हणतो का? गाडीत आपण उठतो, कारण तो माणूस समोर दिसतो. केबिनच्या बुकिंगमध्ये समोरचा दिसत नाही, एवढाच फरक. तुमच्या बाबतीत ती मुलगी योगायोगाने दिसली.

हे माझं एकटीचं मत आहे असं भावाला वाटेल, म्हणून नियमांचंही सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरवलं की परदेशी झेंड्याची, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेली, क्रूझ जहाजं अमेरिकन बंदरांत आली तर तिथला अपंगत्वाचा कायदा त्यांनाही लागतो. पुढे तिथल्या परिवहन खात्याने नियम केले. अशी केबिन मागणाऱ्याला कंपनीने गरज आहे का ते विचारायचं, लेखी हमी घेता येते, त्या वर्गातल्या साध्या केबिन संपेपर्यंत ही केबिन इतरांना द्यायची नाही. खोटी हमी देऊन कुणी घेतली असेल तर त्याला बोटीवर चढू न देण्याची मुभासुद्धा कंपनीला आहे. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. सरकारी असो की खासगी, सेवा देणाऱ्याने ती सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता यावी यासाठीच्या, नियमांप्रमाणे द्यावी, असं त्याचं कलम ४६ सांगतं. ते नियम बरेचसे शिफारशीच्या भाषेत लिहिलेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्याला धरून नसल्याचं म्हटलं आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा असं केंद्राला सांगितलं. या सगळ्यात वयाला कुठेही पहिला मान नाही. सीनियर सिटिझन असणं म्हणजे ती केबिन लागणं असं होत नाही. ८० वर्षांची आजी उड्या मारत डेकवर जाईल आणि विशीतल्या पोराला ती केबिन लागेल, असं होऊ शकतं.

आता मोजायचं कसं, ते. येत्या रविवारी बाबांना घेऊन बसा. न्हाणीघराच्या दारात चार बोटं उंचीची फळी आडवी ठेवा. दाराची रुंदी टेपने २२ इंचांवर आणा, एका बाजूला स्टूल ठेवलं की झालं. बाबांना काठीशिवाय, फक्त चौकट धरून, ती फळी ओलांडून आत जायला सांगा, कमोडवर बसायला आणि उठायला सांगा. तुम्ही जवळ उभ्या राहा, पण हात लावू नका. दिवसा एकदा आणि रात्री झोपेतून उठल्यावर एकदा. गुडघे रात्री जास्त आखडतात, हे तुम्हाला माहीतच आहे. जमिनीवर जे जेमतेम जमतं ते हलत्या बोटीवर जमत नाही, हेही धरून चाला.

हे त्यांना बरं जमलं, तर त्यांना लागतात त्या वस्तू वेगळ्या आहेत. शॉवरखाली ठेवायला रबरी पायांचं स्टूल, कमोडची बैठक उंच करणारी फ्रेम आणि लिफ्टजवळची केबिन. कारण जहाजावर खरी दमछाक केबिनमध्ये होत नाही, लांबलचक कॉरिडॉरमध्ये होते. स्टूल आणि फ्रेम कंपनीकडून आधी कळवून मागवता येतात का ते विचारा, नाहीतर घरून न्या. बंदरावर चढता-उतरताना व्हीलचेअर मागितली तरी कुणाच्या तोंडचं काही काढून घेतल्यासारखं होत नाही. ती मागाच.

आणि जमलं नाही, बाबांना फळी ओलांडता आली नाही किंवा उठताना तुमचा खांदा लागलाच, तर मग ती केबिन त्यांचीही तितकीच आहे. खुर्चीवर नसणाऱ्यालाही तिची गरज असू शकते. पार्किन्सन असतो, तोल जात असतो, अर्धांगवायूतून उठलेला माणूस असतो. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस त्या दारातून आत गेला म्हणून कॉरिडॉरमधल्या कुणी त्याचा पंचनामा करू नये. तसं असेल तर केबिन ठेवा, मैत्रिणीला खरं काय ते सांगा, आणि दोघी मिळून कंपनीला लिहा की इतक्या मोठ्या जहाजावर अशा केबिन इतक्या कमी का.

फॉर्मवरच्या त्या ओळीबद्दल मात्र मला भावाशी जरा कडक बोलायचंय. बाबा काठीने चालतात आणि फॉर्म म्हणतो चालता येत नाही. भाऊ म्हणेल, एवढ्याने काय बिघडतं? टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या आजच्या नियमांत असं आहे की आणीबाणीत मदत लागेल म्हणून ज्यांनी कळवलंय त्यांची नोंद जहाज सुटण्याआधी कप्तानाकडे गेली पाहिजे. आग लागली तर लिफ्ट वापरत नाहीत. या यादीतल्या माणसांना जिन्यावरून उचलून न्यायला खलाशी पाठवतात. तुमच्या बाबांसाठी दोन खलाशी धावत वर येतील, तेव्हा बाबा काठी टेकत जिना उतरूनही गेलेले असतील. आणि त्या दोघांची खरी गरज दुसऱ्याच केबिनमध्ये असेल. म्हणून केबिन ठेवा की सोडा, ती ओळ दुरुस्त करून घ्याच. "काठीने चालतात, जिने हळू उतरतात, मदत लागेल" एवढं लिहिलं की खरंही होतं आणि पुरेसंही.

सोडायची ठरली तर कशी सोडायची, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण इथेच चांगल्या मनाची माणसं फसतात. आधी रद्द करू नका! रद्द केलीत की केबिन कंप्युटरच्या यादीत मोकळी दिसणार आणि दुसरा कुठला तरी एजंट दुसऱ्या कुणाला तरी "मोठी आहे" म्हणून विकणार. एजंटला मध्ये न घेता कंपनीच्या ऑफिसात फोन करा, विशेष मदतीचं बुकिंग कोण बघतं ते विचारा. त्यांना सांगा की आम्हाला त्याच जहाजावर लिफ्टजवळची साधी केबिन हवी आहे आणि आमची केबिन व्हीलचेअरवरच्या एका प्रवाशाला द्यायची आहे, त्यांचं बुकिंग आत्ताच त्याच फोनवर घ्या. मैत्रिणीला शेजारी बसवा. दोन्ही बदल एकाच ईमेलमध्ये लिहून मागा. तो ईमेल हातात पडेपर्यंत तुमचं बुकिंग तसंच राहू दे. भाड्यात फरक पडतो का, बदलाचे पैसे लागतात का, तेही तेव्हाच विचारा. एजंटचं कमिशन बुडेल म्हणून तो कुरकुर करेल. करू दे.

मैत्रिणीला माझा एक निरोप द्या. व्हीलचेअरची केबिन मिळाली म्हणजे सगळं झालं असं होत नाही. बॅटरीची खुर्ची जड असते. तिचं वजन आणि बॅटरी कुठल्या प्रकारची, हे कंपनीला आधी कळवावं लागतं. रात्री खुर्ची केबिनच्या आतच ठेवावी लागते, कॉरिडॉरमध्ये नाही, कारण आगीच्या वेळी ती वाट मोकळी लागते. म्हणून चार्जिंगचा प्लग पलंगापासून किती लांब आहे ते विचारावं. पलंगाची उंची विचारावी. मुलीला उचलायला घरी चाकांचा पाळणा (पेशंट लिफ्ट) वापरत असतील तर त्याची चाकं पलंगाखाली जातील का तेही विचारावं. अशा केबिन बऱ्याचदा दोघांच्याच असतात, तेव्हा वडील शेजारच्या केबिनमध्ये राहतील हे धरूनच बुकिंग करावं.

चढता-उतरतानाचंही बघावं लागतं. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती-ओहोटीमध्ये पाणी चार-पाच मीटरने खालीवर होतं, त्याप्रमाणे जहाजाच्या शिडीचा उतारही बदलतो. चढायची वेळ ठरवताना त्या दिवशीची भरती कधी आहे ते देवगडच्या माणसाला मी काय सांगणार! गोव्याला जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, त्यामुळे तिथे निभावतं. पण पुढे कधी लक्षद्वीपचा बेत केला, तर तिथे जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर जावं लागतं. जड खुर्ची त्या होडीत बहुधा घेत नाहीत. हे आपल्याला नवीन नाही. माझ्या लहानपणी पावसाळा संपला की मुंबईच्या आगबोटी सुरू व्हायच्या. काही बंदरांत बोट लांब पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावर जायला पडाव, म्हणजे छोट्या होड्या, लागायचे. माझ्या आजीचा खुबा मोडलेला होता. दोन खलाशी तिला चादरीत घालून बोटीवरून पडावात उतरवायचे, आणि ती डोळे मिटून घ्यायची. पडाव हेलकावत असायचा, वरून सगळी बोट बघत असायची. आजी पुढे मुंबईला जायचंच नको म्हणाली. घरच्यांना वाटलं म्हातारपणी हट्टी झाली. त्या मुलीला निदान चादरीत उतरावं लागू नये, एवढं तरी आता व्हायला हवं.

राहिले बाबा. त्यांना काही माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंत. पन्नास वर्षांच्या संसाराचा सोहळा त्यांचा, गुडघे त्यांचे, नाव त्यांचं फॉर्मवर, आणि हे एवढं त्यांच्यापासून लपवलेलं! भावाशी वाद घालण्याआधी त्यांच्याशी बोला. "बाबा, तुमच्या नावाने अशी एक केबिन घेतलीय, आणि अशी एक मुलगी आहे" एवढंच सांगा, पुढचं त्यांच्यावर सोडा. आयुष्यभर शाळेत पहिल्या बाकावर कुणाला बसवायचं हे त्यांनी ठरवलं असेल. ज्याला फळ्यावरचं दिसत नाही तो पुढे, आधी आलेला मागे, हे ते रोज करत आले असतील. भावाशी मग ते बोलतील, आणि तुमच्यापेक्षा चांगलं बोलतील. भावालाही खलनायक करू नका. त्याने वडिलांना त्रास होऊ नये म्हणून केलं, आणि ज्याने त्याला वाट दाखवली त्याचं हे रोजचं काम आहे.

मी आणि ह्यांनी या पत्रावर दोन संध्याकाळी बोलून घेतलं. ह्यांचा आग्रह होता की एक गोष्ट नक्की लिही, म्हणून लिहिते. फोन करण्याआधी मैत्रिणीला मुलीच्या खुर्चीची रुंदी मोजायला सांगा. बसायची जागा मोजायची नाही, सगळ्यात बाहेरच्या कडेपासून सगळ्यात बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, हाताजवळचा तो कंट्रोलचा दांडा बाहेर येत असेल तर त्याच्यासकट. आम्ही पहिल्यांदा नुसती सीट मोजून सांगितली होती, १८ इंच.